नागूबाईची निगेटिव्ह

रविवार, ९ नोव्हेंबर

आज वृषालीनं डार्करूमचं माप घेतलं. मी आत ट्रे घासत बसलेले, तर पोरीनं टेप माझ्या डोक्यावरून भिंतीला लावला. जशी मी एखादं कपाट.

म्हणाली, "आई, हितं नवरीच्या मेकअपची खोली मस्त होती. आरसा, लाइटी, फिरती खुर्ची. लग्नसराई तोंडावर हाय."

म्हटलं, "आणि मी माझे फोटो कुठं धुऊ, न्हाणीत?"

"वर्सातून चार माणसं येत्यात तुझ्या फिल्मला."

"ती चार माणसं तुझ्याकडं का जात न्हाईत मग?"

ती हसली. हसली की मला जास्त राग येतो. लेक चांगली हाय, लग्नाचं काम वाघिणीसारखं करती. पण तिचं एकच. रंगीत काढायचा, बटण दाबायचं, झाला काळापांढरा. मी म्हणते, भाजीतलं मीठ काढलं की ती अळणी होती, उपासाची होत न्हाय. काळापांढरा फोटो पहिल्यापासून काळापांढरा म्हणूनच काढावा लागतो. समोर लाल दिसतंय, हिरवं दिसतंय, ते कागदावर कसं उतरंल हे बटण दाबायच्या आधी डोक्यात बसवावं लागतं. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. स्टुडिओ त्यांचाच. मी चौथी शिकलेली, पण लोहाऱ्यात अंधारात बसून फोटो धुणारी बाई मी एकटीच. सासरे गेले, मागनं आमचे मालक गेले. डार्करूम राहिली. ती मी मोडू देणार न्हाय, हे पोरीला सांगून टाकलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुपारी धनाजी आला. वस्तीवरच्या हिंमतरावांचा पोरगा, धाराशिवला नोकरीला हाय. तिथं घर बांधलंय. म्हणाला, "मावशी, आईदादांचे दोन मोठे फोटो पाहिजेत, जुन्या पद्धतीचे. काळेपांढरे. बैठकीत लावायचे."

वृषाली पुढं सरकली, मी तिच्यापुढं.

त्यानं मोबाइल दाखवला. आईचा, नागूबाईचा फोटो त्यानंच काढलेला. बाईच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग हायेत, सगळा जल्म उन्हात मेंढरांमागं गेला. मोबाइलनं आपणहून वांग पुसला आणि त्याच्यासंगं कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदणबी पुसलं. त्याला काय कळतंय डाग कुठला आणि गोंदण कुठलं. तोंड कसं, सोललेल्या बटाट्यासारखं.

धनाजी म्हणाला, "आईला दाखवला तर म्हणती, ही कुणाची बाई?"

मी म्हटलं, "भिंगाला लाल काच लावून फिल्मवर काढते. वांग फिका पडतो आणि गोंदण उलट काळंभोर उठतं. एका काचेत दोन्ही कामं."

वृषाली म्हणाली, "ती लाल काच माझ्या कॅमेऱ्यात आतनंच हाय. आणि गोंदण राखून वांग मी हातानं काढते. मोबाइलवर नका जाऊ."

शेवटी असं ठरलं, दोघींनी काढायचे. धनाजीला जो पटंल तो भिंतीला लागंल. आणि तो गेल्यावर वृषालीनं मला हात पुढं केला, "जिचा फोटो लागंल, डार्करूम तिची. कबूल?"

म्हटलं, कबूल. मला भीती कसली. मी असल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो वृषालीच्या जल्माआधीपासनं काढते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फोटो झाले. डोकं उठलंय, पण लिहून ठेवते.

हिंमतराव आधी बसले. फेटा, काठी, मिशा. बसले की राजा. त्यांचं काम सोपं, त्यांना आपण कसे दिसतो हे आधीपासूनच ठाऊक हाय. नागूबाई बाकड्यावर बसून बघत होती. तिचा नंबर आला तर हिंमतराव माझ्या खांद्याशी उभे राहून हुकूम सोडायला लागले.

"पदर नीट घे. दात दावू नको. हिकडं बघ, बाईकडं बघ. खुळ्यावानी बघू नको."

मी म्हटलं, "दादा, फोटो तुम्ही काढताय का मी?"

"न्हाय, तिला सांगावं लागतंय. तिला कळत न्हाय."

नागूबाईचा डावा हात मांडीवर सरळ बसेना, कोपरातनं वाकडा राहतो. विचारलं, काय झालंय. हिंमतरावच बोलले, "एडक्यानं ढुशी मारली व्हती. लई वर्सं झाली." म्हातारी म्हणाली, "व्हय. एडक्यानं." म्हटलं, राहू द्या, पदराखाली घ्या, गळ्यापासनं वरच काढते.

लाल काच लावायच्या आधी मी तिला आतल्या आरशापाशी नेलं आणि काजळाची डबी दिली. ही आमच्या स्टुडिओची रीत. लाल काचेतनं लाल रंग कातडीसारखाच पांढरा उतरतो, म्हणून कुंकवावर काजळाचा ठिपका द्यायचा. मग तो काळा येतो, बघणाऱ्याला कुंकू दिसतं.

म्हातारीनं डबी हातात घेतली, वास घेतला. "न्हाय लावलं तर?"

"तर कपाळ कोरं येतंय. कुंकू उठायचंच न्हाय."

"एवढं मोठं कुंकूबी?"

नागूबाईचं कुंकू बंद्या रुपयाएवढं असतं. म्हटलं, "केवढंबी असू द्या. काचेला सगळं सारखं."

"आसं व्हय," म्हणाली. मी बाहेर आले, कारण हिंमतराव कॅमेऱ्याला हात लावायच्या बेतात होते. ती आली, बसली, मी भिंग जुळवलं, हिंमतरावांना बाहेर टपरीवर चहाला पाठवलं आणि अख्खा रोल संपवला. बाई हलली न्हाय. ते बाहेर गेल्यावर तर दगडासारखी निवांत बसली.

मग वृषालीनं तिच्या कॅमेऱ्यावर काढले. खटखटखटखट. मेंढरं मोजावी तसे.

रविवार, १६ नोव्हेंबर

घात झाला.

रोल धुतला, वाळवला, मोठ्या कागदावर फोटो उतरवला. कागद उजेडात आणून बघते तर नागूबाईचं कपाळ कोरं. गोंदण काळंभोर, वांग गेलेला, डोळे असे की माणूस आपल्याकडंच बघतंय. आणि मधोमध कुंकवाच्या जागी काय न्हाय. बाईनं काजळ लावलंच न्हाय. सगळा रोल तसाच.

एकतर तिला ऐकू कमी येत असंल. न्हायतर आरशापाशी अंधार होता. पण चूक माझी, भिंग जुळवताना मी कपाळाकडं बघायला पाहिजे होतं. मी डोळ्यांकडं बघत होते आणि अर्धं ध्यान त्या म्हाताऱ्याकडं.

एक गोष्ट मात्र लिहिते, ती खोटी न्हाय. एवढा चांगला फोटो मी आजवर काढलेला न्हाय.

वृषालीनं बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "वरनं ब्रशनं कुंकू रंगव ना कागदावर."

म्हटलं, "शाईचं कुंकू लावून देत न्हाय मी. परत बसवते तिला."

तिचा फोटो बघितला. चांगला हाय, उगं कशाला बोलू. वांग हलक्या हातानं काढलाय, गोंदण जिथल्या तिथं, कुंकू कॉम्प्युटरवर राखलेलं, कसं गोल काळं. फक्त बाई जरा दमलेली दिसती. हिंमतराव तोवर चहा पिऊन परत आले होते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी निरोप धाडायच्या आधीच हिंमतराव आले. बाजाराला आले होते, म्हणाले, बघू काय केलंय. फोटो दोरीला चिमट्यानं लावलेला, लपवायला वेळ मिळाला न्हाय आणि मी लपवणार पण नव्हते.

बघितला. मग खुर्चीवर बसले.

"मी बसलोय की हितं. जित्ता."

"बसलाय, दिसतंय मला."

"मग हिचं कपाळ पुसायला कुणी सांगितलं?"

"काचेनं पुसलं. लाल काचेत लाल उठत न्हाय. परत काढून देते, पैका घेत न्हाय."

"काचेनं न्हाय. जिचं स्वतःचं पुसलंय तिच्या हातानं पुसलं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पासपोर्टच्या फोटोची. त्यांनी माना खाली घातल्या. मला हे नवीन न्हाय. हळदीच्या मांडवात मी कॅमेरा घेऊन गेले की एखादी तरी आजी नवरीला पलीकडं सरकवती. मी बघत न्हाय तिकडं. पण वृषालीचं तोंड लाल झालं, ती काउंटरमागनं निघालीच. मी म्हटलं, "चहा टाक जा." न्हाय गेली. तिथंच उभी राहिली.

हिंमतराव जाताना म्हणाले, "सोनारीला जाऊन भैरवाला नारळ फोडतो. तू ती फिल्म ठेव. माझ्या डोळ्यादेखत जाळायची. न्हायतर बाजारात सगळ्यांला सांगतो हितं काय चालतंय."

बाजारात त्यांनी सांगायला तोवर सुरुवातबी केली असंल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

एका नवरीच्या घरनं फोन आला. हळदीचे फोटो दुसरीकडं सांगितलेत म्हणे. कारण विचारलं तर "घरातली मोठी माणसं" म्हणाले. ही मोठी माणसं मला ठाऊक हायेत, त्यातल्या दोघींच्या लग्नाचे फोटो मीच धुतलेत.

धनाजीचाबी फोन आला. बिचारा लाजत होता. "मावशी, वृषालीचाच फोटो लावतो. दादा ऐकत न्हाईत." म्हटलं, लाव, चांगला हाय तो.

म्हणजे डार्करूम गेली. ठरलं ते ठरलं, मी शब्द फिरवत न्हाय. वृषालीनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी फक्त म्हणाली, "आई, जाळून टाक. एक फिल्मच ना. त्यांचं तोंड बंद होऊ दे, मग लग्नं परत येत्यात."

खरं हाय. रविवारी या म्हणून हिंमतरावांना निरोप धाडला. बिघडलेल्या फिल्मसाठी पोरीचं काम बुडवण्याइतकी खुळी मी न्हाय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज नागूबाई एकटीच आली. जीपनं. मी म्हटलं, बरोबर कोण? "कोण न्हाय. दुखण्याच्या गोळ्या आणायला आले म्हणून सांगितलंय."

"तो फोटो बघू," म्हणाली. दिला. बाईनं तो मांडीवर ठेवला आणि गोंदणावरनं बोट फिरवलं, कागदावरच्या.

"हे गोंदलं तवा म्या सात वर्साची असंन. आईनं मांडीवर धरलं व्हतं. लई रडले. मग आईनं गूळ दिला." मग फोटोतल्या तोंडावर बोट ठेवलं, "ही तवाची हाय. लगनाच्या आदीची."

मला वाटलं म्हातारीला वाईट वाटतंय. म्हटलं, "काळजी करू नका, परत काढते. काजळ मी माझ्या हातानं लावते."

"परत नगं. ह्योच पायजे."

"अहो, हा बिघडलाय."

"न्हाय बिघडला."

वृषालीला दया आली. म्हणाली, "आजी, तुम्हाला कुंकवाशिवायचाच पाहिजे असंल तर माझ्या कॉम्प्युटरवरबी देते की. एका बटणावर कुंकू जातं. कुणाला न सांगता देते."

नागूबाईनं विचारलं, "आन् परत आणायचं बटण?"

"तेबी हाय."

"मग ते नगं, बाय." माझ्याकडं वळली. "तुमच्या त्या फिल्ममदी कुणी परत घालंल का?"

म्हटलं, "कागदावर कुणीबी रंगवंल. फिल्ममधे जे आलं न्हाय ते न्हाय. देवाच्या बापालाबी घालता येत न्हाय."

"मग ती मला ठेवा."

"तुमचे मालक रविवारी जाळायला येणार हायेत."

"ठावं हाय. म्हणून तर आले."

मला काय उमगेना. नवरा खणखणीत असताना बाईला असला फोटो कशाला? मी तिला सरळ सांगितलं, "बाई, आमचे मालक गेले तवा मी दोन वर्सं आरशात बघितलं न्हाय. कपाळ बघवायचं न्हाय."

म्हातारी म्हणाली, "तुमचं माणूस चांगलं व्हतं मग."

"व्हय," म्हटलं, "चांगलं होतं."

"हां," म्हणाली. वृषालीनं भाकरी आणि पिठलं वाढलं ते खाल्लं, वाकड्या हातानं ताटली धरून. शेवटच्या जीपनं गेली. वृषाली तिला बसवायला अड्ड्यावर गेली, लई वेळानं आली. विचारलं तर म्हणती, "आई, एडका कधी कोपरावर मारतो का गं? खाली गुडघ्यावर मारंल."

म्हटलं, बाई खाली बसलेली असंल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जशी मी वेडी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

झोप लागत न्हाय म्हणून सकाळी सकाळी लिहिते. उद्या ते येणार. लग्नाची कामं एका बाजूला, म्हातारीचा हट्ट एका बाजूला. हट्ट मला कळत न्हाय. पण एक गोष्ट कळती. सासऱ्यांचा एक नियम होता आणि तो कलेक्टर आला तरी त्यांनी मोडला नसता. फोटो पैसे देणाऱ्याचा. निगेटिव्ह ज्याचं तोंड त्याची. ज्यानं त्यानं मागितली तर द्यायची, न्हाय मागितली तर आपण सांभाळायची. दुसऱ्या कुणी मागितली तर हात लावू द्यायचा न्हाय.

आता नागूबाईनं मागितलीय. मग विचार कशाला करायचा. उगं चार दिवस डोकं तापवून घेतलं.

वृषालीला सांगितलं, तुझी लग्नं जातील. ती म्हणाली, "जाऊ देत. दे तिची तिला."

रविवार, ३० नोव्हेंबर

तिघं आले. हिंमतराव, धनाजी, नागूबाई. हिंमतरावांनी काडेपेटी आणली होती, जशी काय माझ्याकडं नव्हतीच.

मी निगेटिव्हचं पाकीट काढलं, काउंटरवर ठेवलं आणि वर तळहात ठेवला. म्हटलं, "दादा, हिचा हिशेब असा. निगेटिव्ह जिचं तोंड तिची. आमच्या स्टुडिओचा नियम हाय."

"ती माझी बायको हाय."

"बायको तुमची. तोंड तिचं."

धनाजी खाली बघत होता. हिंमतराव हसले, खोटं. "ती काय सांगणार? तिला कळतंय काय? नागे, सांग बाईला, जाळा म्हणून."

नागूबाईनं हात पुढं केला. माझ्याकडं. म्हणाली, "द्या."

मी दिली.

"नागे, ठेव तिथं."

तिनं ठेवली न्हाय. पाकीट पोलक्यात घातलं आणि वर पदर घेतला. हिंमतरावांची काठी वर गेली. धनाजीनं ती वरच्या वर धरली. म्हणाला, "दादा, आता न्हाय." आवाज चढवला न्हाय. म्हातारा तोल जाऊन पडू नये म्हणून धरली असंल, असं मला आधी वाटलं. पण धनाजी उभा होता तो म्हातारीच्या आणि काठीच्या मधे. आणि वृषाली काउंटरच्या बाहेर कधी आली ते मला दिसलंच न्हाय, तीबी तिथंच उभी होती.

मी म्हटलं, "दादा, काठी खाली घ्या. माझ्या दुकानात भिंगं हायेत."

घेतली. काडेपेटी काउंटरवर विसरून गेले. धनाजी मागं राहिला. म्हणाला, "आईला मी धाराशिवला नेतो, मावशी. घरात खोली हाय." म्हटलं, ने की, त्यात मला काय विचारतोस.

नागूबाईनं जाताना वृषालीच्या गालावर हात फिरवून बोटं मोडली.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज महारुद्र सुतार मोठा आरसा घेऊन आला, मेकअपच्या खोलीचा. मी डार्करूममधल्या बाटल्या खोक्यात भरत होते. हरले ते हरले. वृषाली बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "काका, हितं पुढच्या भिंतीला बसवा. पडदा टाकू मधे."

महारुद्र म्हणाला, "ताई, माप आतल्या खोलीचं दिलं होतं तुम्ही."

"मग कापा."

मी खोक्यातल्या बाटल्या परत फळीवर लावल्या. पोरीला काय विचारलं न्हाय. विचारलं की ती मत बदलती.

आणखी एका लग्नाचं काम गेलं. ते येतील की परत, लोहाऱ्यात दुसरा स्टुडिओ पोरीच्या पासंगाला पुरत न्हाय.

मंगळवार, ९ डिसेंबर

नागूबाईच्या वस्तीवरच्या तिघी बाया आल्या. एक तिची जाऊ, दोघी शेजारच्या. तिघी गळ्यात डोरलं घातलेल्या, नवरे असलेल्या. फोटो काढायचाय म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाचं कार्य हाय का? कार्य न्हाय. घरात लावायचाय का? तर तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मला असली कोडी आवडत न्हाईत. म्हटलं, वृषालीकडं काढायचा का माझ्याकडं, तेवढं बोला, माझी औषधं कालवायची राहिल्यात.

जाऊ म्हणाली, "फिल्मवर. ती फिल्म आमाला घरी देता न्हवं?"

"मागितली तर देते."

"आन् दुसरं कुणी मागाय आलं तर?"

"त्याला हात लावू देत न्हाय."

बाईनं पिशवी बाकड्याखाली सारली, पदर नीट केला, मी पुढं केलेली काजळाची डबी परत सारली आणि जाऊन खुर्चीवर बसली. "मग काढा," म्हणाली.